हिमगौरीच्या गोष्टीमागचा माणूस : याकोब ग्रिम (१७८५ ते १८६३)



मागच्या महिन्यात तिसरीच्या वर्गात हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट सांगत होते. गोष्ट संपली आणि एका मुलाने विचारलं की ही कोणी लिहिली. मी सवयीने सांगून टाकलं, जर्मनीतल्या ग्रिम नावाच्या दोन भावांनी. त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता. त्यांना ती कोणी सांगितली होती?

खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की ग्रिम बंधू म्हणजे फक्त परीकथा नव्हेत. त्यातल्या थोरल्या भावाचं, याकोबचं, आयुष्य वाचलं की जर्मन लोक एक देश कसे झाले हेही कळतं. आपण त्यांना इंग्रजी पद्धतीने जेकब म्हणतो, जर्मन उच्चार याकोब असा आहे. आजचा पाठ त्यांच्यावर.

देश नव्हता, पण लोक होते

याकोब ग्रिम यांचा जन्म ४ जानेवारी १७८५ रोजी हानाऊ या गावी झाला. हे गाव फ्रँकफर्टजवळ आहे. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १७८६ रोजी, धाकटा भाऊ विल्हेल्म जन्मला.

आपण सहज लिहून जातो की जन्म जर्मनीत झाला. पण त्या वेळी जर्मनी नावाचा देशच नव्हता! आज ज्याला आपण जर्मनी म्हणतो त्या भागात तेव्हा तीनशेहून जास्त लहानमोठी राज्ये होती. कुठे राजा, कुठे सरदार, कुठे धर्मगुरू, तर कुठे व्यापाऱ्यांचे स्वतंत्र शहर. प्रत्येकाचे कायदे वेगळे, नाणी वेगळी, जकात वेगळी. नावापुरते एक जुने पवित्र रोमन साम्राज्य या सगळ्यांच्या डोक्यावर होते. याकोब जन्मले ते हेसेन-कासेल या संस्थानात. त्यांच्यासाठी राजा म्हणजे कासेलचा राजा आणि परदेश म्हणजे दोन दिवसांच्या घोडागाडीच्या अंतरावरचे शेजारचे राज्य.

मग या सगळ्यांना जर्मन कशावरून म्हणायचं? राजा एक नाही, धर्मपंथ एक नाही (काही कॅथलिक, काही प्रोटेस्टंट), सीमा एक नाही. एकच गोष्ट सगळ्यांना जोडणारी होती, ती म्हणजे भाषा. तीही गावोगाव थोडी बदलणारी. याकोब यांनी पुढे आयुष्यभर जे काम केलं, त्याची मुळं इथे आहेत.

अकराव्या वर्षी घरचा कर्ता

वडील फिलिप ग्रिम हे वकील व सरकारी अधिकारी होते. १७९१ मध्ये त्यांची बदली श्टाईनाऊ या लहानशा गावी झाली. मोठं दगडी घर, अंगण, झाडं, ओढा, जवळ जंगल. ग्रिम भावंडांचे सुखाचे दिवस ते हेच. एकूण नऊ मुले झाली होती, त्यातली सहा जगली. पाच भाऊ आणि लोटे नावाची एक बहीण.

जानेवारी १७९६ मध्ये वडील न्यूमोनियाने गेले. वय फक्त ४४. सरकारी घर सोडावं लागलं, पगार थांबला. याकोब तेव्हा नुकताच अकरा वर्षांचा झालेला. थोरला मुलगा म्हणून कुटुंबाची चिंता त्याच्यावर आली. आपल्या वर्गातही अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असतो, वयापेक्षा मोठा झालेला. त्याच्याकडे बघून मला आता याकोब आठवतो.

आईची बहीण हेन्रिएट ही कासेलच्या दरबारात राणीच्या सेवेत होती. तिने १७९८ मध्ये याकोब आणि विल्हेल्म या दोघांना कासेलला शाळेसाठी बोलावून घेतलं. मावशीच्या आधारावर दोघं शिकले. एका खोलीत राहायचे, एकाच टेबलावर अभ्यास करायचे. ही सवय आयुष्यभर टिकली.

१८०२ मध्ये याकोब कायदा शिकायला मारबुर्ग विद्यापीठात गेले. तिथे एक कटू अनुभव आला. त्यांच्या दर्जाच्या कुटुंबातील मुलांना विद्यापीठात प्रवेशासाठी खास परवानगी काढावी लागे. ती मिळाली, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. ती मिळत होती श्रीमंत जमीनदारांच्या मुलांना! ही गोष्ट याकोब कधी विसरले नाहीत. मात्र गरिबीने आपल्याला कष्टाची सवय लावली, असंही त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे.

मारबुर्गमध्ये साविन्यी नावाचे तरुण प्राध्यापक भेटले. ते कायद्याचा इतिहास शिकवत. कायदा हा एका दिवसात कोणी लिहून काढत नाही, तो लोकांच्या रूढींतून हळूहळू तयार होतो, हा त्यांचा विचार. त्यांनी याकोबला आपले घरचे ग्रंथालय उघडून दिले. तिथे जुन्या जर्मन कवितांचे पुस्तक याकोबच्या हाती लागले आणि कायद्यापेक्षा जुनी भाषा जवळची वाटू लागली. एका शिक्षकाने आपले कपाट उघडे ठेवल्याने काय घडू शकते, त्याचे हे उदाहरण.

परक्या राजाची नोकरी

आता इकडे इतिहास वेगाने फिरला. फ्रान्सच्या नेपोलियनने एकामागून एक जर्मन राज्ये जिंकली. ऑगस्ट १८०६ मध्ये ते जुने पवित्र रोमन साम्राज्य संपुष्टात आले. त्याच वर्षी फ्रेंच सैन्य कासेलमध्ये शिरले. स्थानिक राजा पळाला. नेपोलियनने आपला धाकटा भाऊ जेरोम याला वेस्टफालिया या नव्या राज्याचा राजा करून कासेलच्या गादीवर बसवले. राजधानी तीच, पण दरबाराची भाषा आता फ्रेंच.

मे १८०८ मध्ये आईही वारली. याकोब तेविसाव्या वर्षी पाच भावंडांचा पालक झाला. नोकरी हवीच होती. मिळाली ती कोणाकडे? त्याच परक्या राजाकडे, त्याच्या खासगी ग्रंथालयाचा ग्रंथपाल म्हणून.

काम थोडे आणि पगार बरा होता. याकोबने घर चालवले आणि उरलेला सारा वेळ जुन्या हस्तलिखितांना दिला. राज्य गेलं, राजा गेला, कायदेही फ्रेंच आले. आता जर्मन लोकांचं म्हणून काय उरलं? ज्याला कोणतीही फौज हात लावू शकत नाही असं काहीतरी शोधायला हवं होतं. दोघा भावांनी उत्तर शोधलं ते आजी-मावश्यांच्या गोष्टींत.

गोष्टी कोणी सांगितल्या?

इथे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं की दोन भाऊ काठी घेऊन खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांच्या झोपडीत बसून गोष्टी लिहून घेतल्या. प्रत्यक्षात तसं फारसं झालं नाही. बऱ्याच गोष्टी सांगणारी माणसं त्यांच्याच घरी किंवा ओळखीच्या घरांत भेटली.

• शेजारच्या औषधविक्रेत्या विल्ड यांच्या घरातील मुलींनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्यातली डोर्टशेन पुढे विल्हेल्मची पत्नी झाली.
• हासेनफ्लुग कुटुंबातील बहिणींनीही बऱ्याच गोष्टी दिल्या.
• क्राउसे नावाच्या म्हाताऱ्या निवृत्त सैनिकाने गोष्टी दिल्या त्या जुन्या कपड्यांच्या बदल्यात.
• सगळ्यात महत्त्वाच्या डोरोथेआ फीमान. कासेलजवळच्या गावातल्या शिंप्याची बायको. वडिलांची खाणावळवजा सराई होती, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंकडून त्यांनी लहानपणी गोष्टी ऐकलेल्या. शहरात भाजी विकायला येत. १८१३ पासून त्यांनी ग्रिम बंधूंना सुमारे चाळीस गोष्टी सांगितल्या. पुन्हा सांगायला लावलं तरी शब्द बदलत नसत.

गंमत बघा. हासेनफ्लुग कुटुंबाची आणि फीमानबाईंचीही मुळं फ्रान्समधून आलेल्या निर्वासितांमध्ये होती. धर्मछळामुळे त्यांचे पूर्वज फ्रान्स सोडून इथे आले होते. म्हणजे ज्या गोष्टी अस्सल जर्मन म्हणून गोळा केल्या, त्यातल्या काही सीमा ओलांडून आलेल्या होत्या! भावांना हे हळूहळू कळत गेलं. बूट घातलेल्या मांजराची गोष्ट फ्रेंच गोष्टीशी फारच जुळते म्हणून पुढच्या आवृत्तीतून त्यांनी ती काढूनही टाकली.

डिसेंबर १८१२ मध्ये, नाताळच्या तोंडावर, पहिला भाग छापून आला. त्यात ८६ गोष्टी होत्या. दुसरा भाग १८१५ मध्ये आला. पण हे पुस्तक मुलांसाठी नव्हतंच मुळी! त्यात चित्रे नव्हती, अभ्यासकांसाठी लांबलचक टिपा होत्या. गोष्टीही कठोर होत्या. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी ही तिची सख्खी आई आहे. पुढे विल्हेल्मने ती सावत्र आई केली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही पुढे तसंच झालं. याकोबला गोष्ट ऐकली तशी ठेवायची होती, विल्हेल्मला ती वाचायला गोड करायची होती. दोघांत यावरून मतभेद झाले, पण भांडण होऊन घर तुटलं नाही.

१८२५ मध्ये निवडक ५० गोष्टींची, धाकट्या चित्रकार भावाच्या चित्रांसह छोटी आवृत्ती निघाली आणि मग पुस्तक घराघरात पोहोचले. १८५७ च्या सातव्या आवृत्तीत क्रमांक दिलेल्या गोष्टी २०० झाल्या होत्या.

पिता, फाटर, फादर

नेपोलियन हरल्यावर याकोब यांनी काही काळ हेसेनच्या वकिलातीत काम केले. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेलाही ते हजर होते. तिथे जर्मन लोकांना एक देश मिळेल अशी पुष्कळांची आशा होती. मिळाला तो फक्त ३९ राज्यांचा सैलसर संघ. याकोब निराश होऊन कासेलच्या ग्रंथालयात परतले आणि पुन्हा भाषेकडे वळले.

१८१९ मध्ये त्यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड आला. आपल्या मनात व्याकरण म्हणजे नियमांची यादी, हे बरोबर ते चूक. याकोब यांनी असं केलंच नाही. लोकांनी कसं बोलावं हे सांगण्याऐवजी लोक हजारो वर्षांत कसे बोलत आले हे त्यांनी मांडलं. त्यासाठी गॉथिक, जुनी इंग्रजी, डच, स्कँडिनेव्हियातील भाषा अशा सगळ्या नात्यातल्या भाषा शेजारी शेजारी ठेवल्या.

१८२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी एक नियम दाखवला. तो आज ग्रिमचा नियम म्हणून जगभर शिकवला जातो. आपल्याला तो संस्कृत-मराठीतून लगेच समजतो:

• पिता – जर्मन फाटर – इंग्रजी फादर (प चा फ झाला)
• पाद, पाय – जर्मन फूस – इंग्रजी फूट (इथेही प चा फ)
• त्रि, तीन – इंग्रजी थ्री (त चा थ)
• दंत, दात – इंग्रजी टूथ (द चा ट)
• दश, दहा – इंग्रजी टेन (द चा ट)

म्हणजे शब्द कसेही बिघडत नाहीत, आवाज ठरावीक वाटेने बदलतात. रास्क या डॅनिश अभ्यासकाने हे थोडं आधी पाहिलं होतं. याकोब यांनी ते पूर्ण व्यवस्थेत बसवलं. सहावी-सातवीच्या वर्गात ही यादी फळ्यावर लिहून बघा. इंग्रजीला घाबरणारी मुलंही नाती शोधायला लागतात.

याच काळात आपल्याकडेही असंच काम चाललं होतं. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापला गेला आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण आले.

सात प्राध्यापक आणि एक शपथ

कासेलमध्ये मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी झाली तेव्हा याकोब यांना डावलण्यात आले. म्हणून १८३० च्या सुरुवातीला दोघे भाऊ हॅनोव्हर राज्यातील गॉटिंगेन विद्यापीठात गेले. आता ते नामवंत प्राध्यापक होते. इथवर त्यांचं आयुष्य पुस्तकांत गेलेलं. पण १८३७ साली परीक्षा आली.

हॅनोव्हरचा राजा आणि इंग्लंडचा राजा तोवर एकच असे. १८३७ मध्ये तो राजा वारला. इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया आली, तीच पुढे आपल्या देशावर राज्य करणारी राणी. पण हॅनोव्हरच्या कायद्याने स्त्रीला तिथली गादी मिळू शकत नव्हती, म्हणून तिचे काका अर्न्स्ट ऑगस्ट तिथे राजा झाले. त्यांनी येताच १८३३ ची राज्यघटना रद्द केली आणि अधिकाऱ्यांना त्या घटनेच्या शपथेतून मोकळे केल्याचे जाहीर केले.

विद्यापीठात शेकडो लोक होते. बहुतेक गप्प बसले. नोकरी, पगार, मुलंबाळं सगळ्यांनाच असतात. नोव्हेंबर १८३७ मध्ये फक्त सात प्राध्यापकांनी निषेधाच्या पत्रावर सही केली. आम्ही घटनेची शपथ घेतली आहे, ती राजाच्या हुकमाने सुटत नाही, असा त्याचा आशय होता. आज शपथ मोडली तर उद्या विद्यार्थ्यांसमोर खरं बोलायला उभं कसं राहायचं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्या सातांत इतिहासकार डालमान होते, भौतिकशास्त्रज्ञ वेबर होते (चुंबकीय प्रवाहाच्या एककाला ज्यांचं नाव आहे ते) आणि दोघे ग्रिम बंधू होते.

डिसेंबरमध्ये सातही जणांना बडतर्फ केले. त्यातल्या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. त्या तिघांत याकोब होते. वय ५२, नोकरी गेली, घर गेलं. विद्यार्थी त्यांना निरोप द्यायला सीमेपर्यंत गेले. एका जर्मन राज्यातून दुसऱ्या जर्मन राज्यात हद्दपार! माझा देश नेमका कोणता, हा प्रश्न या माणसाला किती टोचला असेल.

पण इथेच एक नवीन गोष्ट घडली. ही बातमी सगळ्या जर्मन राज्यांत पोहोचली. लायपझिगमध्ये समिती स्थापन झाली आणि लोकांनी वर्गणी काढून सात कुटुंबांना मदत पाठवली. कोणत्या राज्याचे प्राध्यापक हे कोणी विचारलं नाही. नकाशावर नसलेला देश लोकांच्या वागण्यात दिसू लागला होता.

शब्दांचं गाठोडं

दोघे भाऊ बेकार होऊन कासेलला बसलेले असताना १८३८ मध्ये लायपझिगच्या प्रकाशकांनी एक काम सुचवले. जर्मन भाषेचा मोठा शब्दकोश. भावांनी होकार दिला. त्यांना वाटलं काही वर्षांत आटपेल.

पद्धत अशी होती. सोळाव्या शतकातील मार्टिन ल्यूथरपासून गटेपर्यंतच्या लेखकांची पुस्तके वाचायची आणि प्रत्येक शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला ते कागदाच्या चिठ्ठीवर टिपायचं. वेगवेगळ्या राज्यांतील ऐंशीच्या वर लोक हे काम करत होते. चिठ्ठ्यांचे ढीग साठले. त्या काळी न संगणक, न छायाप्रत. सगळं हाताने.

१८४१ मध्ये प्रशियाच्या राजाने त्यांना बर्लिनला बोलावून घेतलं आणि पोटापाण्याची काळजी मिटली. याकोब यांनी लग्न केलं नव्हतं. ते विल्हेल्म, डोर्टशेन आणि त्यांच्या मुलांबरोबरच राहिले. कामाच्या खोल्या शेजारी शेजारी. याकोब झपाट्याने लिहीत, विल्हेल्म हळू आणि जपून.

शब्दकोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये बाहेर आला. याकोब यांच्या मनात होतं की संध्याकाळी घरात बसून कुटुंबाने तो वाचावा. शेतकऱ्याचे, शिकाऱ्याचे, खाटकाचे, अगदी शिवीगाळीचे शब्दही त्यांनी वगळले नाहीत. जो शब्द लोकांनी वापरला तो कोशात बसायला लायक, एवढा साधा नियम.

१८४८ : आशा आणि हार

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीची लाट आली. जर्मन राज्यांतील निवडून आलेले प्रतिनिधी मे महिन्यात फ्रँकफर्टच्या पॉल चर्चमध्ये जमले. एक देश आणि एक राज्यघटना तयार करणे हा उद्देश होता. ६३ वर्षांचे याकोब त्यात सदस्य होते. ते कोणत्याही गटात बसले नाहीत. त्यांच्यासाठी वक्त्याच्या समोर मधोमध स्वतंत्र खुर्ची होती.

त्यांनी मूलभूत हक्कांच्या सुरुवातीला एक कलम सुचवले. जर्मन लोक हे स्वतंत्र माणसांचे आहेत, जर्मन भूमीवर गुलामगिरी चालणार नाही आणि दुसरीकडून आलेला गुलाम या मातीवर पाय ठेवताच मोकळा होईल, असा त्याचा अर्थ होता. ते मतदानात नापास झाले. याकोब ऑक्टोबरमध्ये सभा सोडून कोशाकडे परत गेले. पुढच्या वर्षी प्रशियाच्या राजाने सभेने देऊ केलेला मुकुट नाकारला आणि तो सगळा प्रयत्न फसला.

दुसरी बाजूही सांगायला हवी

थोर माणसाचा पाठ घेताना आपण फक्त गोड सांगतो. पण इथे थांबायला हवं. १८४६ मध्ये फ्रँकफर्टच्या अभ्यासकांच्या सभेत याकोब यांनी मांडलं होतं की एक भाषा बोलणारी माणसं म्हणजे एक लोक. ऐकायला छान वाटतं. आपलं राज्यही १९६० मध्ये भाषेच्याच तत्त्वावर झालं, त्यामुळे आपल्याला तर जवळचंच वाटतं.

मात्र सीमेवरच्या गावात दोन भाषा बोलणारी माणसं असतात, त्यांचं काय करायचं? श्लेस्विग-होल्स्टाइनवरून डेन्मार्कशी वाद पेटला तेव्हा याकोब यांनी ठाम जर्मन बाजू घेतली आणि भाषेचा इतिहास आपल्या बाजूने पुरावा म्हणून वापरला. ज्ञान तिथे सीमेच्या भांडणात उतरलं. पुढे विसाव्या शतकात नाझी राजवटीने तर या परीकथाच जर्मन रक्ताच्या श्रेष्ठपणाच्या प्रचाराला जुंपल्या. याकोब यांनी हे पाहिलं नाही, त्यांना ते पटलंही नसतं असं मला वाटतं. ज्याने गुलामाला मुक्त करणारं कलम मांडलं, त्याच्या नावावर हे गेलं हे दुःखाचं. पण भाषेवरचं प्रेम दुसऱ्याला कमी लेखायला कधी लागतं, याकडे शिक्षकाने लक्ष ठेवलंच पाहिजे. फीमानबाईंचे पूर्वज फ्रेंच होते, ही एवढी माहितीही मुलांना पुरते.

शेवटचा शब्द : फळ

१६ डिसेंबर १८५९ रोजी विल्हेल्म गेले. त्यांनी कोशातील ड हे अक्षर पूर्ण केलं होतं. ७४ वर्षांचे याकोब एकटे काम करत राहिले. २० सप्टेंबर १८६३ रोजी त्यांचंही निधन झालं. तेव्हा ते फ अक्षरावर होते. ज्या शब्दावर काम थांबलं तो शब्द फ्रुख्ट, म्हणजे फळ. बर्लिनमध्ये दोघा भावांच्या साध्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

एक जर्मन देश त्यांनी पाहिला नाही. तो झाला १८७१ मध्ये, याकोब गेल्यानंतर आठ वर्षांनी, आणि तोही युद्ध जिंकून.

कोश मात्र थांबला नाही. पिढ्यामागून पिढ्या अभ्यासक तो पुढे नेत राहिले. राजेशाही गेली, दोन महायुद्धं झाली, देशाचे दोन तुकडे झाले. तरी पूर्व बर्लिन आणि पश्चिमेकडील गॉटिंगेन अशा दोन्हीकडच्या अभ्यासकांनी मिळून तो पूर्ण केला. शेवटचा भाग आला १९६१ मध्ये. सुरुवात झाल्यापासून १२३ वर्षांनी! एकूण ३२ खंड आणि सुमारे ३ लाख २० हजार शब्द. त्याच १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. भिंत अठ्ठावीस वर्षे टिकली, कोश अजून वापरात आहे. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्यावर निघालेल्या हजार मार्कच्या नोटेवर ग्रिम बंधूंचं चित्र होतं.

माझी एक चूक

हे सगळं वाचत असताना वह्या तपासणीला घेतल्या होत्या. एका मुलीने माझे शेत या निबंधात दर ओळीत वावर लिहिलं होतं. ती विदर्भातून आलेली. मी प्रत्येक वावरवर लाल गोल करून वर शेत लिहिलं होतं. अकरा गोल. तिने त्यानंतरच्या निबंधात चारच ओळी लिहिल्या. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला फळ्यावर बोलावलं आणि वावर हा शब्द लिहायला सांगितला. शेजारी शेत लिहिलं. मग एकाने सांगितलं की त्याच्या आजोळी रान म्हणतात. तासाभरात फळा भरला. ती मुलगी त्या दिवशी सगळ्यात जास्त बोलली. परीक्षेत प्रमाण भाषा लागते, ती शिकवायचीच, पण घरातला शब्द चुकीचा ठरवून नव्हे.

वर्गात आणि घरी करता येण्यासारखे

१. शब्दांची पेटी : मुलांनी घरातला, शेतातला, आजीच्या बोलण्यातला एक शब्द चिठ्ठीवर आणायचा. मागे अर्थ, कोणी सांगितला आणि गाव. महिनाअखेर अक्षरक्रमाने लावायच्या. झाला वर्गाचा कोश.
२. गोष्ट जशीच्या तशी : आजी-आजोबांकडून एक गोष्ट ऐकून त्यांच्याच शब्दांत लिहायची. सांगणाऱ्याचं नाव वर लिहायचं. फीमानबाईंचं नाव राहिलं, आपल्या आजींचंही राहू दे.
३. नात्यातले शब्द : पिता-फादर, दात-टूथ अशा जोड्या शोधणे (सहावीपासून पुढे).
४. नकाशा : १८१५ चा आणि आजचा जर्मनीचा नकाशा शेजारी ठेवून फरक सांगणे.
५. चर्चा : सात प्राध्यापकांच्या जागी तुम्ही असता तर? इथे बरोबर-चूक ठरवू नका, मुलांना बोलू द्या.

पालकांसाठी एवढंच, रात्री मोबाईलवर गोष्ट लावून देण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस आजीला सांगायला बसवा. आणि मूल प्रश्न विचारेल की तुला ही कोणी सांगितली, तेव्हा उत्तर द्या.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिलं. भाजी विकणाऱ्या एका आजीचं नाव सांगितलं. ती गोष्ट नेमकी तिची नव्हती, हेही सांगितलं. तो म्हणाला की त्याची आजीपण भाजी विकते. सोमवारी तो तिची गोष्ट लिहून आणणार आहे.

तुमच्या शाळेत असे उपक्रम झाले असतील तर नक्की कळवा.